दस्त्यात मुरलेले तेल

राखणदार पहाटे शेतातून परतला तेव्हा बंदूक त्याच्या खांद्यावर नव्हती. तापाने फणफणलेले मूल उचलून आणावे तशी ती दोन्ही हातांवर आडवी घेऊन तो आला. दारातल्या चुलीपाशी बसलेल्या बायकोने मान वर केली आणि तिच्या हातातले जळण हातातच राहिले.

"काय झालं?"

"दस्ता गेला."

तो उंबऱ्यावर बसला. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता, मक्याच्या पात्यांनी हात ओरखडलेले होते. "डुकरांतला मोठा नर अगदी पुढ्यात आला. बार काढला, तसं खांद्यापाशी कट्‌कन वाजलं. मला वाटलं हाडच मोडलं."

"लागलं का कुठं?"

"हाड मोडलं असतं तर बरं होतं. हाड आपलं आपण सांधतं."

तिने बंदूक उजेडाला धरली. लोखंड जिथे दस्त्याच्या लाकडात शिरते, तिथून मुठीच्या जागेपर्यंत एक बारीक रेघ उतरली होती. दुधात पडलेल्या केसासारखी. अंगठ्याने दाबले की रेघ तोंड उघडायची, सोडले की मिटायची. तिने दाबले, सोडले, पुन्हा दाबले.

"दाबू नकोस," तो म्हणाला. "वाढवशील."

आतून सासूचा आवाज आला, "सुताराच्या लेकीला लाकडाचं सांगतोस? ती माणसांशी कमी बोलते, लाकडाशीच जास्त बोलते."

सुताराची लेक हे तिचे घरातले नाव झाले होते. रागाने म्हणत, मायेने म्हणत, नुसते हाक मारायलाही म्हणत. तिचा बाप फावड्यांचे, कुदळींचे, कोयत्यांचे दांडे करायचा. लाकूड मेले तरी त्याची तहान मरत नाही, असे तो म्हणायचा. संध्याकाळी दिवा लागला की वर्कशॉपातल्या एकूण एक दांड्यावरून तेलाची चिंधी फिरायची. ते काम तिच्याकडे आणि तिच्या भावाकडे असायचे. लग्न होऊन ती इथे आली, बाप गेला, पण नेम सुटला नाही. दिवा लावायचा, हात जोडायचे, मग घरातल्या विळ्याखुरप्यांना तेल. बंदूक आली तशी तीही त्या नेमात आली. उलट तिचा मान पहिला. लोखंड आणि लाकूड जिथे मिळतात तिथली फट कोरडी दिसायची, म्हणून तिथे ती चिंधी पिळून दोन थेंब जास्तीचे सोडायची. मग बंदूक कोपऱ्यात उभी करायची, दस्ता खाली, नळी वर.

राखणदार मोजके बोलणारा माणूस. बायकोचे कौतुक करायची त्याला लाजच वाटायची. पण बंदुकीवरून हात फिरवून तो एकदा मालकाला म्हणाला होता, "आरसा आहे आरसा. आमच्या घरातनं रोज तेल होतं." ते शब्द तिने आत कुठेतरी जपून ठेवले होते.

*

ही खोली राखणीची होती. शेतांच्या टोकाला, ओढ्याच्या अलीकडे, पत्र्याची. जो मक्याची राखण करील त्याने इथे राहायचे. राखण गेली की खोली गेली. मका दुधात आला होता आणि त्या वासाने डुकरांचा कळप ओढ्यापलीकडच्या झाडीतून रोज खाली उतरत होता. कळपात पिलेही होती, म्हणजे तो आता हलणार नव्हता.

भाकरी खाता खाता तो म्हणाला, "कंपनीचा कागद काढ."

तिने पत्र्याच्या पेटीतून वॉरंटीचा कागद काढला. अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता. त्याने बोट ठेवून वाचला. लाकडात मूळचा दोष असेल तर कंपनी दस्ता बदलून देईल. बंदूक कारखान्यात पाठवावी लागेल. बाहेरच्या कोणी उघडल्यास कंपनी जबाबदार नाही.

"मग पाठव की," सासू म्हणाली. "फुकट देतायत तर."

"पाठवली की येईपर्यंत इथं धाटंसुद्धा उरणार नाहीत. तोवर डुकरांना काय सांगू? कंपनीचा माणूस येतोय, थांबा?"

"मग सुताराकडे ने. मेव्हणा घरचाच आहे."

"त्याने उघडली की हा कागद चुलीत घालायच्या लायकीचा."

"धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय," सासूने सुस्कारा सोडला. "तू काय म्हणतेस गं?"

सुताराच्या लेकीचे लक्ष कोपऱ्याकडे होते. बंदूक तिथे तशीच उभी केली होती, रोजच्यासारखी. "दादाला दाखवून तर बघू," ती म्हणाली. "नुसतं बघायला काय हरकत आहे?"

दुपारी मालक आला. मोटारसायकल बांधावर उभी करून मक्यात शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक अर्धवट खाल्लेले कणीस होते. ते त्याने राखणदाराच्या हातात दिले, प्रसाद द्यावा तसे.

"घे. तुझ्या पाहुण्यांचं उष्टं."

राखणदाराने कणीस हातात फिरवून पाहिले.

"दोन ओळी आडव्या केल्यात. आणि तुझी बंदूक म्हणे आजारी आहे?"

"चीर गेलीय, मालक. करून घेतो."

"लवकर करून घे. पलीकडचा बुटक्या परवाच विचारत होता, जागा आहे का. त्याची बंदूक म्हातारी आहे, पण उभी आहे." मालक हसला. "त्याच्यासारखी बुटकी नाही."

*

भावाचे वर्कशॉप गावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला होते. भुश्शाचा वास, रंध्याचा आवाज, भिंतीला टेकलेले दांडे. भावाने बंदूक हातात घेण्याआधी हात पुसले.

"दाजी, ही माझ्या लायनीतली नाही," तो म्हणाला. "मी फावड्याचा डॉक्टर. तुम्ही तर साहेबाला घेऊन आलात."

"मेव्हणे, साहेबालाही पाय लाकडाचाच आहे. बघा."

भावाने दस्त्यामागची रबराची टाचपट्टी सोडवली. आत लांब पोकळी होती आणि पोकळीच्या तळाशी बोल्टचे डोके. डोक्यावर रंगाचा लाल ठिपका होता. पाना लावताच ठिपक्याचा टवका उडाला आणि भुश्शात पडला. कोणी लक्ष दिले नाही. बोल्ट फिरत फिरत बाहेर आला. भावाने लोखंड एका हातात धरून दस्ता हळूच मागे ओढला.

लाकडाचे डोके काळे होते. नुसते काळे नव्हे, ओले. भावाने नखाने टोकरले तर नखात लाकूड आले, भिजल्या पुठ्ठ्यासारखे. त्याने नख नाकाशी नेले.

मग त्याने बहिणीकडे पाहिले.

एवढेसे पाहणे, पण तिला सगळे कळले. दोघे एकाच चिंधीवर वाढलेले. ज्या वासात त्यांचे बालपण गेले तोच वास आता त्या काळ्या लाकडातून येत होता.  

"काय आहे?" राखणदाराने विचारले. "सरस लावून बसेल ना?"

"नाही बसणार," भाऊ म्हणाला. "ह्या लाकडाला सरस धरणार नाही. नवा कोरायचा तर माझ्याकडे तसलं वाळलेलं लाकूड नाही, आणि हे लोखंड बसवायला जी खाच लागते ती माझ्या हातात नाही. खोटं का सांगू?"

"पण असं झालं कशानं?"

भावाने पाना खाली ठेवला. बहीण उभी होती, हात पदरात गुंडाळून. राखणदाराचा आवाज आधीच चढलेला होता.

"लाकूडच कच्चं," भाऊ म्हणाला. "मूळचा दोष. कंपनीनं ओलं लाकूड लावलंय."

राखणदाराचे डोळे चमकले. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्या खांद्यांतला ताण सैल झाला. "मूळचा दोष! मग सुताराकडे कशाला? कागदात हेच तर लिहिलंय. उद्याच शहरात जातो, कंपनीचा कारागीर दुकानात बसतो. उभ्या उभ्या दुसरा दस्ता घेतो."

"दाजी, ऐका तरी..."

"लावा पूर्वीसारखं. उघडली होती हे कोणाला कळणार नाही असं लावा."

भावाने बोल्ट पुन्हा बसवला. निरोप देताना तो बहिणीपाशी येऊन हळूच म्हणाला, "तू सांग त्याला. मला नाही सांगवलं गं."

"सांगते," ती म्हणाली.

*

तिने सांगितले नाही. त्या रात्री राखणदार डबा बडवत शेतात फिरला. पहाटे आला तेव्हा त्याचा आवाज गेला होता आणि तळव्यांना फोड आले होते. ती त्याच्या तळव्यांना चिंध्या बांधत होती तेव्हा सांगायचे ठरवले होते. तो म्हणाला, "आजचा दिवस. एकदा दस्ता हातात येऊ दे," आणि तिने गाठ मारली.

बसमध्येही ती सांगणार होती. गोणपाटात गुंडाळलेली बंदूक त्याच्या मांडीवर होती, परवाना खिशात. एरवी गप्प बसणारा माणूस, पण घोगऱ्या आवाजात सारखा बोलत होता. कंपनीला असे सुनावीन, तसे सुनावीन. "ओलं लाकूड लावतात आणि आमच्या पोटावर पाय देतात. मी म्हणणार, आमच्या घरात बंदुकीला देवासारखं ठेवतात. रोज तेल. विचारा आमच्या हिला. तू सांगशील ना तिथं?"

"हं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दुकानाला लोखंडी जाळी होती आणि काचेची कपाटे. बाकावर गणवेशातले दोन पहारेकरी आपापल्या बंदुका घेऊन बसले होते. कंपनीचा कारागीर चष्मा कपाळावर चढवून एका लहानशा टेबलाशी काम करत होता. माणूस वाईट नव्हता. दिवसभर तेच ते ऐकून कंटाळलेला होता, एवढेच.

राखणदाराने कागद पुढे ठेवला. "मूळचा दोष आहे. लाकूड कच्चं लावलंय तुम्ही."

"बघू," कारागीर म्हणाला. त्याने टाचपट्टी काढली, बॅटरीचा झोत पोकळीत सोडला आणि मान हलवली. "ही उघडलीय कोणीतरी."

"कोणी नाही उघडली."

"इथे लाल ठिपका असतो. कारखान्यातून निघताना लावतात. पाना लागला की उडतो." त्याने बॅटरी त्याच्या हातात दिली. "बघा तुम्हीच."

राखणदाराने वाकून बघितले. पाठीमागे एक पहारेकरी दुसऱ्याला म्हणाला, "आता हा म्हणेल, उंदरानं खाल्ला."

"बरं, उघडली," राखणदार म्हणाला. त्याच्या कानशिलांवर घाम आला. "पण दोष तर तुमचाच ना? लाकूड बघा की."

कारागिराने बोल्ट काढून दस्ता ओढला. काळ्या डोक्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तेव्हा तो चकचकत होता. त्याने तो राखणदाराच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे कोणी पाजलं? ह्यात वात लावली तर पहाटेपर्यंत जळेल."

बाकावर हशा उसळला.

"नळी वर करून उभी ठेवता ना?" कारागिराने विचारले.

"मग कशी ठेवायची?"

"तोंड खाली. तेल लावायचं ते लोखंडाला, तेही पुसून घेण्यापुरतं. तुम्ही वर ओतता, ते सगळं उतरून ह्या डोक्यात जातं. लाकूड आतून कुजतं. वरून बघाल तर आरसा." त्याने दस्ता टेबलावर ठेवला आणि चिंधीला हात पुसले. "लाकूड चांगलं होतं हो. चांगलं होतं म्हणूनच एवढं पिऊन उभं राहिलं. नवा मागवता येईल, विकत. पुढच्या हंगामाला मिळेल."

राखणदाराने बायकोकडे पाहिले नाही. ती जाळीपाशी उभी होती. "तेल मी लावत होते," ती म्हणाली. आवाज इतका लहान निघाला की कारागिराने "काय?" म्हणून विचारले. पण राखणदार तोवर बंदुकीचे भाग गोणपाटात गुंडाळू लागला होता. फोडांच्या हातांनी त्याला गाठ बसेना. तिने हात पुढे केला. त्याने गोणपाट आपल्याकडे ओढून घेतले.

*

खोलीशी पोचले तेव्हा दिवस कलला होता आणि मालक मोटारसायकलवर बसूनच वाट बघत होता. सासू दारात उभी होती.

"काय म्हणाली कंपनी?"

"कंपनीचा मालच खराब," राखणदार म्हणाला. "पण देत नाहीत."

"का देत नाहीत?"

"मेव्हण्यानं उघडली म्हणून. सुतारानं वाटोळं केलं."

सासूने कपाळावर हात मारला. "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. सख्खा मेव्हणा, आणि..."

सुताराची लेक पुढे आली. नवऱ्याने तिला झाकले होते, हे तिला कळत होते. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यासाठी खोटे बोलला होता. पण ते पांघरूण त्याने तिच्या भावाच्या अंगावरून ओढून घेतले होते, आणि भावानेही तिच्यासाठीच तर जीभ विटाळली होती. दोन माणसे तिच्यापायी खोटी ठरली आणि ती मात्र खरी राहून उभी होती.

"दादानं नाही केलं," ती म्हणाली. "आणि कंपनीनंही नाही. तेल मी पाजलं. रोज. लाकूड आतून कुजलं ते माझ्या हातानं."

 मग मालक हसायला लागला. मोटारसायकलवर पुढे वाकून, पोट धरून हसला.

"बंदुकीला तेल पाजलं! अरे राखण्या, तुझ्या बायकोला तिला बाळसं आणायचं होतं की काय? मालीश पण करत असेल." त्याने डोळे पुसले. "आता हे मी कोणाकोणाला सांगू? बुटक्या तर ऐकून मरेल."

राखणदार जमिनीकडे बघत होता. त्याच्या मानेची शीर उडत होती.

"असू दे," मालक गाडी चालू करत म्हणाला. हसणे संपले होते. "बुटक्या उद्या येईल. खोली सकाळी मोकळी कर. मका काय माझ्यासाठी थांबत नाही."

गाडीचा आवाज बांधावरून दूर गेला. सासू आत जाऊन भांडी गोळा करू लागली. भांड्यांच्या आवाजात तिने एवढेच म्हटले, "मला वाटायचंच, बाटली इतक्या लवकर कशी सरते."

राखणदाराने गोणपाट भिंतीला टेकवले. मग तो म्हणाला, "मी झाकत होतो ना?"

"दादाच्या नावावर?"

"माझ्या तोंडावर हसला तो. माझ्या तोंडावर. तुला तिथंच बोलायचं होतं?"

 तिला म्हणण्यासारखे जे होते ते बसमध्ये म्हणायचे होते, वर्कशॉपात म्हणायचे होते, तळव्याला गाठ मारताना म्हणायचे होते. संध्याकाळ झाली. तिने दिवा लावला, हात जोडले. चिंधी खिळ्याला लटकत होती. तिने ती काढली आणि चुलीत टाकली. चिंधीने एकदम भडका घेतला, आणि कितीतरी वेळ ती जळत राहिली.

*

सकाळी भाऊ हातगाडी घेऊन आला. त्याला कोणी बोलावले नव्हते. राखणदाराने त्याच्याकडे पाहिले, त्याने राखणदाराकडे. मग दोघांनी मिळून पेटी उचलली. पेटीवर अंथरुणे, त्यावर भांडी, आणि सगळ्यांत वर गोणपाटात बांधलेली बंदूक, जिचा आता काठीएवढाही उपयोग नव्हता. गावापलीकडे खडी फोडण्याचे काम चालू होते. तिथे मजुरांची पाले होती, एखादे मिळेल असे भाऊ म्हणाला. सासू पाण्याची कळशी कडेवर घेऊन आधीच रस्त्याला लागली होती.

ते निघत असतानाच बुटक्या आला, बायकोसह. माणूस खरेच ठेंगणा होता आणि ओशाळलेला. "राग नको धरू," तो राखणदाराला म्हणाला. "पोट आहे."

"कळतं," राखणदार म्हणाला.

बुटक्याची बायको सामान आत नेऊ लागली. तिने बंदूक आणली आणि त्याच कोपऱ्यात ठेवली. दस्ता खाली, नळी वर. सुताराची लेक दारात झाडू घ्यायला आली होती. तिने बघितले. जुनी बंदूक होती, लाकडावर कोणीतरी घासून तुकतुकी आणली होती.

ती आत गेली. बंदूक उचलली, कोपऱ्यात एक फडके घडी करून ठेवले आणि तिचे तोंड फडक्यावर टेकवून तिला उलटी उभी केली.

"बाई, अशी ठेवत जा," ती म्हणाली. "आणि तेल लावलंस तर पुसून घे. फटीत सोडू नकोस."

बुटक्याची बायको हातातला हंडा खाली टाकून धावली. "हात काढा! आमच्या बंदुकीला हात लावायचा नाही. मालकांनी सांगितलंय सगळं. स्वतःचं घालवलंत, आता आमचं घालवायला आलात?"

"मी म्हणत होते..."

"निघा. उंबऱ्याबाहेर निघा आधी."

ती निघाली. झाडू आतच राहिला. बाहेर राखणदार गाडीच्या दांड्याला उभा होता. चिंध्या बांधलेले हात त्याने दांड्याभोवती आवळले आणि गाडी ओढली. भाऊ मागून ढकलू लागला. ती बाजूने चालू लागली. मक्यातून दुधाळ गोड वास येत होता. बांधालगतच्या ओळी आडव्या पडल्या होत्या आणि त्यांवर माश्या घोंगावत होत्या.

गाडी वळणावर आली तेव्हा मागून, उघड्या दारातून, आवाज आला. फरशीवर पुन्हा दस्ता टेकवल्याचा. छोटासा, भरीव.

काल संध्याकाळपासून राखणदार तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आताही त्याने मागे वळून बघितले नाही.

"उभीच ठेवली," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.